दर लावा, पण मुदत द्या

दोन अंकांपूर्वी एका वाचकानं विचारलं होतं, एपीआय म्हणजे नेमकं काय? तेव्हा थोडक्यात लिहिलं होतं, तेच पुन्हा सांगते. सोशल प्लॅटफॉर्मवरचा मजकूर आपण त्यांच्या ॲपमध्ये किंवा साइटवर बघतो. तोच मजकूर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमलाही मागून घेता यावा म्हणून ठेवलेलं दार म्हणजे एपीआय. प्रोग्रॅम दाराशी येऊन मागणी करतो, तिला रिक्वेस्ट म्हणतात, आणि आतून उत्तर येतं. बाहेरच्या डेव्हलपरांची ॲप, आपोआप पोस्ट टाकणारे बॉट, संशोधकांची साधनं, सगळ्यांची ये-जा याच दारातून. हे दार वर्षानुवर्षं फुकट होतं, आता तिथं पैसे मोजावे लागतात, एवढं एक वाक्य मी शेवटी जोडलं होतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की आजचं सदर त्यांनाच देते आहे. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलं आहे, म्हणून कुणाचंच देत नाही.

प्रश्न : ताई, मी आणि माझा मित्र नोकरी सांभाळून चार वर्षं एका सोशल प्लॅटफॉर्मसाठी वाचनाचं ॲप चालवतोय. साडेतीन हजार लोक वापरतात, त्यातले सहाशे जण वार्षिक वर्गणी भरतात. गेल्या आठवड्यात प्लॅटफॉर्मचा मेल आला : पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून दर हजार रिक्वेस्टमागे पैसे. हिशेब मांडला तर वर्षभराची वर्गणी दोन महिन्यांत संपते. मित्र म्हणतो कोर्टात जाऊ. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण असा मेल मलाही आला होता. मी आणि माझी एक मैत्रीण आठ वर्षं एक ॲप चालवत होतो. प्लॅटफॉर्मचं नाव इथं घेत नाही. लांबलचक चर्चा मोठ्या अक्षरांत, जाहिरातींच्या गर्दीशिवाय वाचता याव्यात, एवढंच त्या ॲपचं काम. मेल गुरुवारी संध्याकाळी आला. विषय होता ‘अटींमधील बदल’. असे मेल अधूनमधून यायचेच, त्यामुळे मी तो उघडलासुद्धा नाही. शनिवारी मैत्रिणीचा फोन आला, “तू तो मेल वाचलास का गं?” तिच्या आवाजावरूनच कळलं की काहीतरी मोठं झालंय.

म्हणून पहिली विनंती ही, की या आठवड्यात कोणताच निर्णय घेऊ नका. आधी मोजा. आम्ही आठ वर्षांत कधी मोजलं नव्हतं, कारण फुकटात मिळणारी गोष्ट कुणी मोजत नाही. त्या शनिवारी रात्री आम्ही सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोणती रिक्वेस्ट कधी गेली याची नोंदवही, उघडला, एकाच वापरकर्त्याचा एक दिवस निवडला आणि ओळीमागून ओळ वाचत गेलो. सकाळी सात वाजून चार मिनिटांनी त्यानं ॲप उघडलं. यादीसाठी एक रिक्वेस्ट. त्याच क्षणी न वाचलेल्या निरोपांसाठी दुसरी, प्रोफाइलसाठी तिसरी. मग त्यानं एक चर्चा उघडली, ती चौथी. खालच्या प्रतिक्रिया उलगडत गेला, आणखी तीन. इथवर ठीक होतं. पण त्यापुढं लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती : नवा निरोप आहे का, नवा निरोप आहे का, दर तीस सेकंदांनी. तो माणूस वीस मिनिटं एकच चर्चा शांतपणे वाचत होता, आणि तेवढ्यात आमच्या ॲपनं चाळीस वेळा दार ठोठावलं होतं. त्याला निरोप आलेला नव्हता.

ती तपासणी आम्ही पाच मिनिटांवर नेली. प्रोफाइल दिवसातून एकदाच मागवायला लागलो. एकदा उघडलेली चर्चा फोनवरच साठवून ठेवली, म्हणजे मागं जाऊन पुन्हा पुढं आलं तरी नवी रिक्वेस्ट नको. (साठवणीला किती काळ परवानगी आहे हे अटींमध्ये बघून घ्या, प्रत्येक प्लॅटफॉर्मचा नियम वेगळा असतो.) आठवड्याभरात आकडा निम्म्याखाली आला. तुमचाही येईल. आणि मग जे बिल दिसेल तेच खरं बिल. आज जे बघून तुमची झोप उडाली आहे ते तुमच्या ढिसाळ कोडचंही बिल आहे. हे मी दोष द्यायला म्हणत नाही. आमचंही तसंच होतं.

आता दरडोई हिशेब करा. त्यासाठी रेडिट या चर्चांच्या प्लॅटफॉर्मचं उदाहरण घेते, कारण त्याचे आकडे जगासमोर आहेत. रेडिटनं १८ एप्रिल २०२३ ला जाहीर केलं की एपीआय सशुल्क होणार. दर मात्र सांगितला नाही. आयफोनवरच्या ‘अपोलो’ या लोकप्रिय ॲपचे डेव्हलपर क्रिस्टियन सेलिग यांनी ३१ मे ला तो लोकांसमोर मांडला : ५ कोटी रिक्वेस्टला १२,००० डॉलर. अपोलोच्या महिन्याला ७ अब्ज रिक्वेस्ट होत होत्या, म्हणजे महिन्याला साधारण १७ लाख डॉलर आणि वर्षाला २ कोटी. हा आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला. पण त्याच हिशेबातला दुसरा आकडा तुमच्या जास्त कामाचा आहे. अपोलोचा सरासरी वापरकर्ता दिवसाला ३४४ रिक्वेस्ट करत होता. महिन्याला त्याचे होतात अडीच डॉलर.

अडीच डॉलर महिना भरायला तयार असलेले लोक सापडलेही असते. मग अपोलो बंद का पडलं? कारण वर्षाचे पैसे आधीच घेतलेले होते, आणि नवे दर १ जुलैपासून लागू होणार होते. दर कळल्यापासून हातात उरले तीस दिवस. एवढ्यात ॲप बदलायचं, वर्गणीची सगळी रचना बदलायची, ज्यांनी वर्षाचे पैसे भरलेत त्यांना महिन्यामागून महिना पदरमोड करून सेवा द्यायची, हे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. ३० जूनला अपोलो बंद झालं. त्याच्याबरोबर सिंक गेलं, बेकनरीडर गेलं, रेडिट इज फन गेलं. अपोलोच्या वर्गणीच्या परताव्याची रक्कमच अडीच लाख डॉलरच्या घरात होती. सेलिगनी वापरकर्त्यांना विनंती केली की शक्य असेल त्यांनी परतावा नाकारावा, आणि तसं करण्याचं बटण ॲपमध्ये दिलं.

म्हणून दुसरी गोष्ट आजच करा : वार्षिक वर्गणी घेणं थांबवा. जुन्या सहाशे जणांची किती महिन्यांची देणी आहेत ते काढा. दुसऱ्याच्या दारातून येणारा माल आपण वर्षभर पुरवू असं वचन देण्याची चूक आम्हीही केली होती. ते वचन देण्याचा हक्कच आम्हाला नव्हता. रेडिटच्या बाबतीत रिले आणि नार्व्हाल ही ॲप मासिक वर्गणीवर जाऊन तगली. तेव्हा मार्ग अगदीच नसतो असं नाही.

तिसरं, प्लॅटफॉर्मला लिहा. रागाचं पत्र नको, मोजमापाचं लिहा. आमच्या आजच्या रिक्वेस्ट इतक्या, कमी करून इतक्या, सहाशे लोकांना आम्ही अमुक महिने बांधील आहोत, आम्हाला तेवढी मुदत हवी. फुकट मर्यादा किती आहे तेही विचारा. रेडिटनं ओळख पटवलेल्या प्रत्येक ॲपला मिनिटाला १०० रिक्वेस्ट फुकट ठेवल्या होत्या. साडेतीन हजार लोकांना त्या पुरणार नाहीत, पण छोट्या बॉटला पुरतात.

कोर्टाचं म्हणाल तर डेव्हलपर करारातलं ते कलम आधी वाचा, ज्यात अटी आणि दर बदलण्याचा, सेवा बंद करण्याचा अधिकार प्लॅटफॉर्मनं स्वतःकडे ठेवलेला असतो. आपण सगळेच ‘मान्य’ दाबून पुढं गेलेलो असतो. वकिलाचा सल्ला जरूर घ्या, पण सहाशे वर्गणीदारांचे परताव्याचे पैसे त्यात घालू नका.

आमचं काय झालं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आम्ही नव्वद दिवस मागितले. उत्तर आलं ते ठरावीक मजकुराचं, त्यात आमच्या आकड्यांचा उल्लेखही नव्हता. आम्ही ॲप बंद केलं. पण बंद करण्याआधी तीन आठवडे रोज वापरकर्त्यांना खरं काय ते सांगत राहिलो, आणि ज्याचे जेवढे महिने उरले होते तेवढे पैसे परत केले. आज त्या सगळ्याकडं मागं वळून बघताना एवढी एकच गोष्ट छातीवर हात ठेवून सांगता येते.

प्रश्न : मी आयुष्यभर हिशेबनीस होतो. सर्व्हर दुसऱ्याचा, मजकूर दुसऱ्याचा, वर त्यांच्या जाहिराती गाळायच्या आणि स्वतः वर्गणी घ्यायची! बिल आलं की मात्र अन्याय झाला म्हणून ओरड. याला आमच्या भाषेत आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात. माझं काही चुकतंय का?

उत्तर : निम्मं बरोबर आहे, काका, आणि ते निम्मं मी मनापासून मान्य करते. सर्व्हरला पैसे लागतात. बाहेरच्या ॲपमध्ये जाहिरात दिसत नाही, म्हणजे तो वापरकर्ता प्लॅटफॉर्मला काहीच मिळवून देत नाही. दर लावणं हा त्यांचा हक्क आहे. मी स्वतः वाजवी दर भरला असता.

पण हे पीठ दळलं कुणी, तेही बघा. मजकूर प्लॅटफॉर्मनं लिहिलेला नाही. कुणा बिघडलेल्या यंत्राचं उत्तर, कुणा आजारी माणसाला दिलेला धीर, कुणी रात्र जागून केलेलं भाषांतर, हे सगळं लोकांनी फुकट लिहिलं. रेडिटवर तर चर्चांची राखणही विनावेतन स्वयंसेवकच करतात. नव्या दरांच्या निषेधात १२ जून २०२३ पासून हजारो समूहांनी आपली दारं दोन दिवस बंद ठेवली, ती याच लोकांनी.

आणि रेघोट्यांबद्दल. बोटानं यादी खाली ओढली की ती ताजी होते, ही हालचाल आज आपण दिवसातून किती वेळा करतो! ती ‘ट्वीटी’ नावाच्या बाहेरच्या ॲपमधून आली, लॉरेन ब्रिक्टर या डेव्हलपरनं केलेल्या. २०१० मध्ये ट्विटरनं ते ॲप विकत घेऊन आपलं अधिकृत ॲप केलं. पक्ष्याचं चित्र आणि ‘ट्वीट’ हा शब्द यांचा वापर सुरुवातीला केला तो ‘ट्विटरिफिक’नं, तेही बाहेरचंच, २००७ सालचं. रेडिटनंही २०१४ मध्ये ‘एलियन ब्लू’ हे बाहेरचं ॲप विकत घेतलं. त्यांचं स्वतःचं नवं ॲप आलं २०१६ मध्ये. म्हणजे प्लॅटफॉर्मची माणसं कमी होती, फोनवर पोचायचं होतं, तेव्हा ही वाट बाहेरच्यांनी पाडून दिली. मग २०१२ मध्ये ट्विटरनं बाहेरच्या नव्या ॲपना एक लाख वापरकर्त्यांची मर्यादा घातली, आणि जानेवारी २०२३ मध्ये एका रात्रीत ट्विटरिफिक, ट्वीटबॉट ही ॲप चालेनाशी झाली. ना मेल, ना सूचना. ट्विटरला पर्याय ठरेल असं ॲप करायला मनाई करणारं कलम करारात आलं ते १९ जानेवारीला, ॲप बंद पडल्यावर आठवड्याभरानं. याला आपल्याकडं म्हण आहे : गरज सरो, वैद्य मरो.

दर एवढे का चढले, याचं एक कारण अगदी निराळं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना माणसांनी माणसांशी केलेला संवाद लागतो, आणि तो अशाच प्लॅटफॉर्मवर साठलेला आहे. रेडिटचे प्रमुख स्टीव्ह हफमन यांनी एप्रिल २०२३ मध्येच म्हटलं होतं की हा ठेवा जगातल्या बड्या कंपन्यांना फुकट देण्याचं कारण नाही. इथवर मला त्यांचं पटतं. पुढं फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलशी करार झाला, मे मध्ये ओपनएआयशी. शेअर बाजारात उतरताना रेडिटनं दिलेल्या कागदपत्रांत मजकूर वापराच्या करारांचं एकूण मूल्य २० कोटी ३० लाख डॉलर दाखवलं आहे, दोन ते तीन वर्षांसाठी. हा खरा बाजार आहे. त्या बाजारातला खरेदीदार आणि मोठ्या अक्षरांत वाचू देणारं दोघांचं ॲप, या दोघांना एकाच दारात एकाच तागडीत तोललं गेलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं.

दार आवळायला पैशाखेरीज चांगलं कारणही असू शकतं, हे मी विसरत नाही. फेसबुकवर एका चाचणीचं ॲप साधारण २ लाख ७० हजार लोकांनी घेतलं आणि त्यांच्या मित्रांचीही माहिती ओढली गेली. २०१८ मध्ये ही माहिती राजकीय प्रचारासाठी वापरणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीचं प्रकरण उघड झालं तेव्हा फेसबुकनं स्वतः सांगितलेला आकडा होता ८ कोटी ७० लाखांपर्यंत. मित्रांची माहिती देणारं ते दार फेसबुकनं त्याआधीच बंद केलं होतं. ते कसं केलं ते बघा : ३० एप्रिल २०१४ ला जाहीर केलं आणि चालू ॲपना ३० एप्रिल २०१५ पर्यंत मुदत दिली. एक वर्ष. त्या निर्णयानंही कित्येक ॲप बंद पडली असतील, पण ज्याला आवरायचं होतं त्याला आवरता आलं.

माझं भांडण एवढ्याचपुरतं आहे. तुम्ही हिशेबनीस होतात. वर्षानुवर्षं ज्याचं मोल शून्य लावलं त्याचं मोल तीस दिवसांत कोटी करायचं, आणि समोरच्यानं लोकांशी केलेल्या बांधिलकीचा विचारही करायचा नाही, याला तुमच्या कागदांत तुम्ही दर म्हणाला असता का? मी त्याला दार लावून घेणं म्हणते. दार लावायचंच असेल तर तसं स्पष्ट सांगावं. दर सांगून लावू नये.

प्रश्न : मला दिसत नाही. एका चर्चेच्या प्लॅटफॉर्मवर मी अनेक वर्षं एका बाहेरच्या ॲपमधून जात होते, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरबरोबर ते सुरेख चालायचं. ते बंद झालं. अधिकृत ॲप घेतलं, तर फोन मला नुसतं “बटण, बटण, बटण” म्हणून दाखवतो. कशाचं बटण ते कळत नाही. आमच्यासारख्यांनी जायचं कुठं?

उत्तर : तुमच्या त्या “बटण, बटण, बटण”वर मी बराच वेळ थांबले. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर बाणाचं चित्र असतं, आपल्याला ते बघून कळतं की इथं दाबलं की उत्तर देता येतं. स्क्रीन रीडरला चित्र कळत नाही. डेव्हलपरनं त्या बटणाला ‘उत्तर द्या’ असं अदृश्य नाव द्यावं लागतं, तेव्हा फोन ते नाव वाचून दाखवतो. नाव दिलेलं नसेल तर तो बिचारा “बटण” एवढंच म्हणणार. हे नाव द्यायला एका बटणाला एक ओळ लागते. एकच ओळ. मोठ्या कंपनीच्या ॲपमध्ये ती राहून जाते आणि दोन माणसांच्या ॲपमध्ये असते, कारण त्या दोन माणसांना तुमच्यासारख्या कुणीतरी पत्र लिहून ते सांगितलेलं असतं. आम्हाला असंच एकांनी सांगितलं होतं. त्यानंतर प्रत्येक नवी आवृत्ती काढण्यापूर्वी मी फोनचा पडदा काळा करून, फक्त कानांनी, एक चर्चा शेवटपर्यंत वाचून बघायचे. पहिल्या दिवशी मला दुसऱ्या प्रतिक्रियेच्या पुढं जाता आलं नव्हतं.

रेडिटच्या वादात अंधांच्या समूहानं हाच मुद्दा लावून धरला होता. बराच गाजावाजा झाल्यावर रेडरीडर, डिस्टोपिया आणि लूना या तीन ॲपना शुल्कातून सूट मिळाली. मिळाली हे चांगलंच झालं. पण त्या समूहाची राखण करणारे जे स्वतः अंध होते, त्यांना त्या कामाची पुरेशी साधनं या ॲपमध्ये नव्हती. वाचायची सोय झाली, सांभाळायची राहिली. आधी दार लावायचं आणि मग आत कोण अडकलंय ते बघायचं, हे वरातीमागून घोडं झालं.

तुम्ही आत्ता दोन गोष्टी करून बघा. ॲपऐवजी फोनच्या ब्राउझरमधून त्या प्लॅटफॉर्मची साइट उघडा. साइटवर बहुधा शीर्षकं नीट मांडलेली असतात आणि स्क्रीन रीडरला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारत नेता येतं. दुसरं, कंपनीला तक्रार करताना “ॲप वापरता येत नाही” असं लिहू नका. फोन कोणता, ॲपची आवृत्ती कोणती, कुठल्या पडद्यावर डावीकडून कितव्या बटणाला फोन काय म्हणाला, असं एकेका बटणाचं लिहा. अशी तक्रार डेव्हलपरच्या हातात पडली की त्याला शोधाशोध करावी लागत नाही. मी त्या बाजूला बसलेली आहे, म्हणून खात्रीनं सांगते.

आणि तुम्ही वापरत होतात त्या ॲपच्या डेव्हलपरचा पत्ता असेल तर त्यांना चार ओळी लिहा. ॲप बंद झाल्यावरही अशा ओळी पोचतात. मला आलेलं शेवटचं पत्र एका मोतीबिंदूच्या रुग्णाचं होतं. ते मी अजून ठेवलं आहे.

प्रश्न : मी पीएच.डी.ची विद्यार्थिनी आहे. अफवा कशा पसरतात यावर काम करते. पूर्वीच्या प्रबंधांत लाखो ट्वीटचा अभ्यास दिसतो, मला मात्र काही हजारांसाठीही पैसे मोजावे लागणार. विभागाकडं पैसे नाहीत. सरळ स्क्रेपिंग करू का?

उत्तर : तुमच्या आधीच्यांना जे मिळालं ते आधी सांगते, म्हणजे मार्गदर्शकांना समजावता येईल. जानेवारी २०२१ मध्ये ट्विटरनं संशोधकांसाठी खास दार उघडलं होतं : महिन्याला १ कोटी ट्वीट, फुकट. दोन वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये नवे दर आले तेव्हा महिन्याला १०० डॉलरमध्ये मिळत होती १० हजार. हजारावा हिस्सा, तोही पैसे भरून. त्याच वर्षी मे महिन्यात ‘पुशशिफ्ट’ची वाट रेडिटनं बंद केली. रेडिटच्या जुन्या चर्चांचा तो मोठा संग्रह होता आणि कितीतरी संशोधनं त्यावर उभी होती. कोणती पोस्ट किती पसरली ते दाखवणारं, फेसबुकच्या मेटा कंपनीचं ‘क्राउडटँगल’ १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं. अफवांवर काम करणाऱ्या पत्रकारांचं ते रोजचं हत्यार होतं. तेव्हा तुमची अडचण तुमच्या विभागाच्या गरिबीची नाही. अख्ख्या विद्याशाखेच्या पायाखालची जमीन सरकली आहे.

स्क्रेपिंग म्हणजे दार सोडून भिंतीवरून बघून उतरवून घेणं. मी ‘करू नका’ म्हणेन. बहुतेक प्लॅटफॉर्मच्या अटींत त्याला मनाई असते आणि त्याचा फटका तुमच्याबरोबर मार्गदर्शकांनाही बसू शकतो. त्याहून मोठं कारण मला दुसरंच वाटतं. एखाद्यानं लिहिलेलं मागं घेतलं, पोस्ट पुसली, तर एपीआयच्या नियमांनुसार वापरणाऱ्यानंही ती पुसायची असते. भिंतीवरून उतरवलेल्या फाइलमध्ये ती तशीच राहते. अफवा पसरवून नंतर खजील झालेला माणूस तुमच्या तक्त्यात कायमचा अडकतो.

त्यापेक्षा प्रश्न लहान करा. महिन्याला दहा हजार पोस्ट म्हणजे दिवसाला सव्वातीनशेच्या वर. एक अफवा, एक आठवडा, आणि प्रत्येक पोस्ट डोळ्यांनी वाचून केलेली नोंद, यातून लाखोंच्या आलेखात न दिसणारं बरंच काही हाती लागतं. क्राउडटँगलच्या जागी आलेल्या मेटाच्या ‘कंटेंट लायब्ररी’साठी संस्थेतर्फे अर्ज करा. सहकारी संशोधक युरोपीय संघातले असतील तर तिथल्या डिजिटल सेवा कायद्याचं ४०वं कलम बघा. ज्यांचे संघात महिन्याला साडेचार कोटी किंवा त्याहून जास्त वापरकर्ते आहेत, त्या प्लॅटफॉर्मवर संशोधकांना सार्वजनिक मजकूर उपलब्ध करून देण्याचं बंधन त्यात आहे. मास्टोडॉन आणि ब्लूस्काय या ट्विटरसारख्या प्लॅटफॉर्मची रचनाच खुली आहे, ब्लूस्कायवरच्या सार्वजनिक पोस्टचा ओघ तर कुणालाही घेता येतो. मात्र खुलं आहे म्हणून लोकांची संमती गृहीत धरू नका. नैतिकता समितीकडं जाताना मी वर लिहिलेला पुसलेल्या पोस्टचा मुद्दा तुम्ही स्वतःहून मांडा.

प्रश्न : मी हौस म्हणून एक बॉट चालवतो, तो पुराच्या आणि वादळाच्या सरकारी सूचना आपोआप पोस्ट करतो. दोन हजार लोक बघतात. तोही बंद पडेल का?

उत्तर : नुसतं पोस्ट करणाऱ्या बॉटला सहसा वाचणाऱ्या ॲपइतका फटका बसत नाही. २०२३ च्या त्या बदलात ट्विटरनं फुकट वर्गात महिन्याला १,५०० पोस्ट ठेवल्या होत्या, म्हणजे दिवसाला पन्नास. एरवी त्या भरपूर. पण वादळाच्या दिवशी दर पंधरा मिनिटांनी सूचना आली तर एका दिवसातच शंभराच्या जवळ जाल, आणि महिन्यात असे पंधरा-सोळा दिवस गेले तर नेमकी सूचनेची गरज असतानाच बॉट गप्प होईल. न्यू यॉर्कच्या एमटीए या सार्वजनिक वाहतूक संस्थेनं एप्रिल २०२३ च्या अखेरीस ट्विटरवरच्या सूचना थांबवल्या होत्या. मग मे मध्ये ट्विटरनं हवामान, वाहतूक आणि आपत्तीच्या सूचना देणाऱ्या सरकारी आणि सार्वजनिक सेवांसाठी एपीआय फुकट केला, आणि एमटीए परतली. ती सवलत सरकारी खात्यांना होती, तुमच्यासारख्या हौशी माणसाला नव्हती.

तुमच्या प्लॅटफॉर्मची आजची मर्यादा बघा, मोसमातला सर्वांत वाईट दिवस धरून पोस्ट मोजा, आणि मर्यादेच्या जवळ गेलं की किरकोळ सूचना गाळून फक्त धोक्याच्या जातील अशी सोय आत्ताच करून ठेवा. शिवाय त्याच सूचना एका साध्या वेबपानावर आणि आरएसएस फीडवरही (साइटवरचं नवं काही आपोआप वाचकापर्यंत पोचवणारी सोय) टाका. मग त्या पानाचा पत्ता रोज एकदा बॉटमधूनच पोस्ट करत जा, म्हणजे त्या दोन हजारांपैकी जमेल तेवढ्यांना तो आधीच ठाऊक असेल.